सुपारी-तंबाखूची परीक्षा घेणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

सुपारी आणि तंबाखू यांच्या अर्कांतील कर्कजनक गुणांची प्रयोगशाळेत परीक्षा घेणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांमध्ये डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ यांचे शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून त्यांनी १९४३ मध्ये एम.एस्सी. मिळवली. विवाहानंतर मुंबईत त्यांनी डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या तंत्राची प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या.

हॅम्स्टर प्राण्यांच्या गालाच्या पिशवीला हे अर्क लावून केलेले त्यांचे व सहकाऱ्यांचे प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्बुदे उद्भवल्याने संशय बळावला. पुढे मुंबईतील त्याच संस्थेत जिवाणू व सस्तन प्राण्यांच्या पेशींवर चाचण्या झाल्या. सुपारी आणि तंबाखूचे अर्क जनुकांत बदल घडवतात, विड्याचे पान मात्र तसे करत नाही, असे त्यांत आढळले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीची नोंद मानवी कर्करोगाचे कारण म्हणून झाली.

१९८२ मध्ये पद्मभूषणने गौरवलेल्या डॉ. रणदिवे यांचे २००१ मध्ये निधन झाले.