जोतीरावांची साक्ष

शालान्त परीक्षांचे निकाल लागले, किंवा खेड्यांतील मुलांच्या वाचनक्षमतेची एखादी पाहणी प्रसिद्ध झाली, की शिक्षणाचा दर्जा घसरल्याची ओरड आपल्याकडे नेमाने सुरू होते. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, पदवीधराला चार ओळींचा अर्ज शुद्ध लिहिता येत नाही, साधा भागाकार जमत नाही, अशा या तक्रारी असतात. त्या खोट्या नाहीत. 'असर' या नावाने २००५ पासून होत आलेल्या पाहण्यांनी त्यांना आकड्यांचाही आधार दिला आहे. परंतु या ओरडीचा एक विशेष असा, की तिच्यातला आरोपी बहुधा ठरलेला असतो. तो म्हणजे विद्यार्थी. त्याला वाचनाची आवड नाही, कष्टांची सवय नाही, त्याचे चित्त भलतीकडे आहे, असे एकदा ठरवून टाकले की शिक्षणमंत्र्यापासून संस्थाचालकापर्यंत सर्वांचीच झोप निर्वेध होते. एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न सरकारने नेमलेल्या एका आयोगापुढे आला, तेव्हा पुण्याच्या जुना गंज पेठेत राहणाऱ्या एका गृहस्थाने आरोपीच्या पिंजऱ्यात दुसऱ्यालाच उभे केले. आपल्या निवेदनाखाली त्याने स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सदस्य अशी दिली होती. तारीख होती १९ ऑक्टोबर १८८२, आणि नाव जोतीराव गोविंदराव फुले.

जोतीरावांचे पुतळे आपण गावोगाव उभारले. त्यांचे हे निवेदन मात्र फारसे कोणी वाचत नाही. मुलींच्या शिक्षणाचा आरंभ करणारे समाजसुधारक एवढीच त्यांची ओळख पाठ्यपुस्तकात उरली आहे. मुलांना शाळेत आणल्यावर त्यांना तेथे काय मिळते, कोण शिकवतो, त्याला पगार किती, तपासणीस कधी येतो, असल्या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांचा या माणसाने किती बारकाईने विचार केला होता, हे त्या ओळखीत बसत नाही.

हा विचार त्यांना ग्रंथांतून सुचलेला नव्हता. १८२७ साली पुण्यात जन्मलेल्या जोतीरावांना लहानपणीच शाळा सोडावी लागली. माळ्याच्या मुलाला शिकून करायचे काय, अशा सल्ल्यावरून वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले, असे चरित्रकार सांगतात. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. शाळा सुटणे म्हणजे काय आणि ती पुन्हा मिळणे म्हणजे काय, हे ज्याने अंगावर भोगले, त्याला शिक्षण ही आपोआप घडणारी गोष्ट वाटणे शक्यच नव्हते.

नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आल्यावर १८४८ मध्ये त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाईंना त्यांनी घरीच शिकवून शिक्षिका केले होते. वडिलांचे घर सोडण्याची पाळी आली, शाळा बंद पडली, तरी १८५१–५२ मध्ये त्यांनी पुण्याच्या निरनिराळ्या पेठांत मुलींच्या तीन शाळा उभ्या केल्या; महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा चालवल्या. हा इतिहास परिचित आहे. ज्याची चर्चा होत नाही ते असे, की या शाळा केवळ काढल्या गेल्या नाहीत, त्या चांगल्या चालवल्या गेल्या. सरकारी शाळांतल्या मुलांपेक्षा या शाळेतल्या मुलींची संख्या कितीतरी पट मोठी आहे आणि तेथील अध्यापनाची रीत अधिक चांगली आहे, असा अभिप्राय पुण्याच्या एका इंग्रजी पत्राने १८५२ मध्ये दिला होता. १८५३ च्या फेब्रुवारीत मुलींची जाहीर परीक्षा झाली, ती पाहायला मोठा जमाव लोटला. आपल्या विद्यार्थिनींचे ज्ञान चारचौघांत तपासून घेण्याचे धैर्य ज्याला होते, त्याला दर्जाची पर्वा नव्हती असे कोण म्हणेल? या कामात सदाशिव गोवंडे, सखाराम परांजपे अशा ब्राह्मण मित्रांची त्यांना साथ होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण पुढे त्यांनी ब्राह्मण शिक्षकांवर जी टीका केली, तिचा रोख जातीपेक्षा व्यवस्थेवर अधिक होता की नाही, यावर अद्याप वाद घातला जातो.

ही टीका कठोर होती. १८६९ मध्ये 'सत्यदीपिके'त त्यांचा विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवरचा पवाडा प्रसिद्ध झाला. शूद्रांच्या मुलांना पंतोजी मन लावून शिकवीत नाहीत आणि मग मुलाच्याच बुद्धीला दोष देतात, ही त्याची तक्रार. तिच्यात अतिशयोक्ती असेल. पवाड्यात ती असायचीच. पण मुलाला येत नाही याचे कारण मुलाच्या डोक्यात न शोधता शिकवणाऱ्याच्या वृत्तीत शोधायचे, ही दृष्टी त्या काळी सर्वस्वी नवी होती, आणि आजही ती जुनी झालेली नाही.

१८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याच्यापुढे आलेल्या साक्षी बहुतेक विद्वानांच्या होत्या. जोतीरावांचे निवेदन त्यांत वेगळे उठून दिसते ते त्यातील हिशेबामुळे. सरकारचा महसूल बव्हंशी शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, येथून ते आरंभ करतात. वरच्या थरांना शिकवले की ज्ञान झिरपत खाली जाईल, हा सिद्धांत त्यांनी साफ फेटाळला. इलाख्यातल्या सुमारे नऊदशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लक्ष मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाही, असे सांगितले जाते, हे त्यांनी आयोगाच्या नजरेस आणले. पुण्यात महार-मांगांची वस्ती पाच हजारांवर. तिच्यासाठी शाळा एक, आणि तिच्यात मुले तिसांच्या आत. पुणे शहराची ही स्थिती, तर खेड्यांची काय असेल?

यानंतर ते शाळेच्या आत शिरतात, आणि निवेदनाचा खरा गाभा येथे आहे. ज्या थोड्या शाळा आहेत त्यांतले बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित, पगार अपुरा, शिकवणे अव्यवहारी. म्हणून प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि प्रसंगी नांगराची रुमणी किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाहीत. त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांच्या खाली नसावा. मोठ्या गावी १५ ते २० रुपये असावा. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, व्याकरण, शेतीचे मूलभूत ज्ञान, आरोग्य आणि नीती असा अभ्यासक्रम असावा. खेड्यातला अभ्यासक्रम शहरापेक्षा थोडा कमी असला तरी चालेल, पण कमी उपयोगी असता कामा नये. पाठ्यपुस्तके सुधारावीत. तपासणीस वर्षातून एकदा येऊन जातात, त्याचा उपयोग नाही. त्यांनी निदान तीन महिन्यांतून एकदा यावे, आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देता यावे. हे सारे वाचताना एखाद्या शिक्षणाधिकाऱ्याची टिपणवही उघडावी तसे वाटते. खडकवासल्याच्या धरणाला बांधकामाचा दगड पुरवणाऱ्या कंत्राटदाराची नजर या तपशिलांत उमटली आहे. भिंत कच्ची राहिली तर दोष दगडाचा की गवंड्याचा, हे त्या नजरेला पक्के ठाऊक होते.

त्याहून महत्त्वाची बाब निकालांची. परीक्षेच्या निकालावर शाळेला अनुदान द्यायचे, ही पद्धत त्या काळी मोठी शास्त्रीय मानली जाई. जोतीरावांनी ती गरीब, निरक्षर वर्गांसाठी नापसंत ठरवली. ज्यांना शिक्षणाची गोडी अजून लागलेलीच नाही, त्यांच्या वस्तीत निकालावर पोट भरण्याच्या भरवशाने कोणता शिक्षक शाळा काढील, असा त्यांचा मुद्दा होता. गोडी लागेपर्यंत सरकारनेच शाळा काढाव्यात, बक्षिसे व शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. चढाओढीने द्यायच्या शिष्यवृत्त्या वरकरणी न्याय्य दिसल्या तरी मागासलेल्या वर्गांत त्यांनी शिक्षण पसरत नाही, हेही त्यांनी सांगून ठेवले. गंमत अशी, की जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्या खेड्यातल्या मास्तराला पगाराशिवाय काही भत्ता द्यावा, असे त्याच निवेदनात आहे. ही विसंगती आहे खरी. पण पक्का पगार आधी आणि निकालाचा भत्ता त्यावर, हा क्रम ध्यानी घेतला की ती पुष्कळशी सौम्य होते.

आयोगाने प्राथमिक शाळांच्या अनुदानासाठी निकालाचीच पद्धत उचलून धरली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ती मोडीत निघाली. तोवर शाळांना जे घोकंपट्टीचे वळण लागायचे ते लागून गेले होते.

आजच्या महाराष्ट्रात ही यादी हाती घेऊन फिरले तर काय दिसते? शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न सुटला असे वाटत असतानाच २००० साली शिक्षणसेवक योजना आली. प्रशिक्षण घेतलेल्या तरुणाने आरंभीची तीन वर्षे ठोक मानधनावर काढायची. प्राथमिक शाळेत हे मानधन वर्षानुवर्षे सहा हजार रुपये होते. २०२३ पासून ते सोळा हजार झाले. जोतीरावांच्या बारा रुपयांची आणि या आकड्याची तुलना रुपयांत होणार नाही हे उघड आहे. परंतु ज्या व्यवसायाच्या उंबरठ्यावरच अशी तीन वर्षे आहेत, त्याकडे वर्गातली सर्वांत हुशार मुले वळत नाहीत, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. शिक्षकाकडे गावचे टपाल, दस्तनोंदणी, हिशेबतपासणी अशी कामेही द्यावीत, असे जोतीरावांनी सुचवले होते. हेतू हा, की त्याची गावातली पत आणि मिळकत वाढावी. आपण शिक्षकाला जनगणना, मतदार याद्या आणि सर्वेक्षणे दिली. पत आणि मिळकत द्यायची राहिली. त्यांच्या सूचनेची इतकी वाकडी अंमलबजावणी दुसऱ्या कोणत्याही सूचनेची झाली नसेल.

निकालाची भूल तर नव्याने पडत आहे. शिक्षण हक्क कायद्यातील अनुत्तीर्ण न करण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने सैल झाली, आणि मुलाला मागे ठेवले की दर्जा वर येतो या समजुतीला पुन्हा बळ चढले. परीक्षा असू नये असे जोतीराव कधीच म्हणाले नाहीत. त्यांनी तर ती भर चौकात घेतली. मात्र ती घेताना शाळेची सारी जबाबदारी त्यांच्या शिरावर होती. जाहीर परीक्षेत मुली अडखळल्या असत्या तर हसे त्यांचे आणि सावित्रीबाईंचे झाले असते. आज सातत्याने मुले नापास होणाऱ्या शाळेच्या तपासणिसाला कोणी जाब विचारल्याचे ऐकिवात नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मात्र शेरा पडतो, आणि बहुधा पहिल्या पिढीत शिकणाऱ्या त्या मुलाची शाळा तेथेच सुटते.

त्या निवेदनातली आणखी एक मागणी येथे सांगितली पाहिजे. जनसामान्यांच्या मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे जोतीरावांनी मागितले होते. आयोगाने सक्ती मान्य केली नाही. जुलै १८८८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरा केला. तो छापून आलेला त्यांना पाहता आला नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो १९१७ मध्ये, मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला तो १९१८ मध्ये, आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा देशाचा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी.