सक्तीची कबुली आणि स्वेच्छेचे ऐक्य

एकाच ईश्वराला भजणारी राष्ट्रे परस्परांच्या पराभवासाठी त्यालाच साकडे घालू लागली, की धर्मबंधुत्वाची खरी कसोटी लागते. १९१४ साली ख्रिस्ती युरोपात नेमके हेच घडले. त्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला येथे आर्चबिशपपदी आलेल्या नाथान सॉडरब्लूम यांचे चरित्र म्हणूनच चिंतनीय आहे.

त्यांचा जन्म १८६६ मध्ये एका पाळकाच्या घरी झाला. १८९४ पासून सात वर्षे ते पॅरिसमधील स्वीडिश मंडळीचे पाळक होते. तेथे त्यांचा आल्फ्रेड नोबेल यांच्याशी परिचय झाला आणि १८९६ मध्ये नोबेल यांचा अंत्यविधीही त्यांनीच केला. पुढे उप्साला येथे प्राध्यापकी आणि १९१२ पासून लायप्झिग येथे धर्मेतिहासाचे अध्यापन त्यांनी केले. साहजिकच फ्रान्स व जर्मनी या दोन्ही देशांत त्यांचे स्नेही होते. आर्चबिशपपदासाठी सुचविलेल्या तीन नावांत त्यांचे नाव तिसरे होते. तरी सरकारने त्यांचीच निवड केली.

महायुद्ध पेटताच त्यांनी शांततेचे आवाहन काढले. तटस्थ देशांतील धर्माधिकाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. लढणाऱ्या देशांतील प्रमुख धर्माधिकाऱ्यांनी मात्र नकार दिला. १९१७ च्या डिसेंबरात उप्साला येथे भरलेल्या परिषदेसही केवळ तटस्थ देशांचेच प्रतिनिधी येऊ शकले.

युद्ध थांबले, पण वैर थांबले नाही. व्हर्सायच्या तहातील २३१ व्या कलमाने युद्धहानीची जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली आणि १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरला. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना या आकड्याचे परिणाम परिचित आहेत. परंतु त्यामागील सक्तीच्या कबुलीची जखम आकड्यांत मावणारी नव्हती.

या पार्श्वभूमीवर १९१९ मधील एक घटना मोलाची ठरते. नेदरलँड्समध्ये भरलेल्या ख्रिस्ती प्रतिनिधींच्या बैठकीत जर्मन सभासदांनी बेल्जियमवरील आक्रमण नैतिकदृष्ट्या चुकीचे होते, असे व्यक्तिशः मान्य केले. तहाच्या कलमाला जे साधले नाही, ते समोरासमोरच्या विश्वासाने साधले. याच बैठकीत सॉडरब्लूम यांनी सर्व ख्रिस्ती पंथांच्या जागतिक परिषदेची कल्पना मांडली. १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियम यांच्या सैन्याने रूरचा प्रदेश व्यापला, तेव्हा फ्रेंच स्नेह्यांची नाराजी पत्करूनही स्वीडनच्या बिशपांसह त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला.

ही परिषद १९२५ च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोम येथे भरली. निकिया येथील धर्मसभेला त्या वर्षी १६०० वर्षे पूर्ण होत होती. ३७ देशांतून ६०० हून अधिक प्रतिनिधी आले. अलेक्झांड्रियाच्या ऑर्थोडॉक्स पेट्रिआर्कपासून जर्मन व फ्रेंच प्रोटेस्टंटांपर्यंत अनेकजण एकत्र बसले. रोमन कॅथलिक चर्च मात्र दूर राहिले. धर्मसिद्धांतांचे वाद बाजूस ठेवून औद्योगिक जीवन, शिक्षण व आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांवर विचारविनिमय झाला. एकमत झाल्यावर काम करू, असे न म्हणता कामाला लागून एकमताची वाट पाहावी, ही त्यामागील दृष्टी होती. युद्धदोषाचा प्रश्न मात्र तेथेही सुटला नाही.

१९३० मध्ये त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले आणि १९३१ च्या जुलैत त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि १९३९ मध्ये पुन्हा महायुद्ध पेटले. मग सारा खटाटोप व्यर्थच गेला काय?

तसे म्हणता येत नाही. १९४५ च्या ऑक्टोबरात स्टुटगार्ट येथे जर्मन प्रोटेस्टंट नेत्यांनी परदेशी धर्मबंधूंसमोर आपल्या दोषाची कबुली दिली. ती कोणत्याही तहाने लादलेली नव्हती आणि तिच्यापायी त्यांना स्वदेशात टीकाही सोसावी लागली. समोर बसलेले पाहुणे ज्या चळवळीचे होते, तिचा एक प्रमुख शिल्पकार सॉडरब्लूम होते. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे १४७ चर्चसंस्थांची जागतिक परिषद स्थापन झाली, ती याच पायावर.

ऐक्य म्हणजे दोषावर पांघरूण घालणे नव्हे. परंतु दोष मान्य करण्यासाठीही माणसाला ऐकणारा स्नेही लागतो, आणि तो स्नेह वैराच्या काळातच जपून ठेवावा लागतो. विभागलेल्या कोणत्याही समाजाने सॉडरब्लूम यांच्याकडून घ्यावा असा धडा हाच होय.