पालवणकर बाळू

बाळू बाबाजी पालवणकर (जन्म : धारवाड, १९ मार्च १८७६, मृत्यू : मुंबई, ४ जुलै १९५५) हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे थोर भारतीय क्रिकेटपटू व राजकीय कार्यकर्ते होते. काही चरित्रपर लेखनात त्यांचे जन्मवर्ष १८७५ असे दिलेले आढळते. डाव्या हाताने संथ फिरकी गोलंदाजी करणारे बाळू त्यांच्या काळात भारतातील सर्वोत्तम गोलंदाज मानले जात. तत्कालीन जाणकार त्यांची तुलना इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी करीत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातून येऊन अखिल भारतीय कीर्ती मिळविणारे ते पहिले खेळाडू होत. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे.

बालपण व पुण्यातील दिवस

पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे. आडनाव त्यावरूनच पडले. वडील लष्करी सेवेत असल्याने बाळूंचे बालपण पुण्याच्या छावणी परिसरात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळू लागले. विठ्ठल व गणपत हे आणखी दोन भाऊही पुढे नामांकित खेळाडू झाले.

घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण लवकर सुटले. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरविणे हे काम, आणि पगार दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात दरमहा ४ रुपयांवर रुजू झाले. तेथे मैदानाची निगा राखणे, रेषा आखणे, सरावासाठी जाळी बांधणे अशी कामे त्यांच्याकडे होती. क्लबातील एका सदस्याने सरावासाठी चेंडू टाकण्यास सांगितले आणि त्यातून त्यांच्यातील गोलंदाज उजेडात आला. इंग्रज फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग रोज इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. ग्रेगना बाद केले की बाळूंना दर वेळी आठ आणे मिळत, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिच्यातील तपशील कसाही असो, शेकडो तासांच्या या सरावानेच बाळूंची टप्प्यावरील हुकमत घडली, यात शंका नाही. मात्र पूना क्लबात त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांनी करावी आणि चेंडू नोकरांनी टाकावा, अशी तेथील रीत होती.

पुण्यातील हिंदूंचा क्लब त्या काळी युरोपियनांशी सामने खेळू पाहत होता. संघात बाळूंना घ्यावे की नाही, यावरून क्लबात दोन तट पडले. तेलुगू सदस्य त्यांना घेण्याच्या बाजूचे होते, तर स्थानिक ब्राह्मण सदस्यांपैकी अनेकांचा विरोध होता. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत खुद्द ग्रेग यांनी जाहीरपणे मांडले, आणि विरोध मावळला. बाळू संघात आले. पण पंक्तीत आले नाहीत. मैदानावर ते इतरांबरोबर एकाच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, तर बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताटही वेगळे असे. हात-तोंड धुण्यासाठी पाणी घालायला अस्पृश्य नोकरच लागे.

बाळूंच्या गोलंदाजीच्या बळावर हिंदू संघाने पूना क्लबासह आसपासच्या युरोपियन संघांना हरविले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याने फिरकीची धार बोथट करण्यासाठी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक करून ठेवली होती, तरी बाळूंनी तेथे सात बळी घेतले, असे सांगितले जाते. विजयी संघाच्या सत्कारात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना पुष्पहार घातला. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खाण्यापिण्यास हरकत कसली, असा रानडे यांचा रोख होता. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला.

मुंबईत आगमन

प्लेगच्या साथीमुळे १८९६ मध्ये पालवणकर कुटुंब मुंबईस आले. काही काळ लष्करात काढल्यानंतर बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. येथेही काही सदस्यांनी जातीवरून विरोध केला. पण संघाच्या कर्णधाराने तो जुमानला नाही. पुढे बाळूंना बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली व ते कंपनीच्या संघातूनही खेळले. मुंबईहून पालघर, बोईसर या स्थानकांवरून गुजरातकडे जाणारा आजचा पश्चिम रेल्वेचा मार्ग याच कंपनीचा होय. रेल्वे कंपन्या, गिरण्या व बँका चांगल्या खेळाडूला पगारी जागा देत. ज्यांच्या घरी जमीन, पेढी वा वकिली नव्हती त्यांना या नोकऱ्यांमुळेच क्रिकेट खेळत राहणे शक्य झाले. नाटोरच्या महाराजांनी उभारलेल्या संघाकडूनही बाळू व शिवराम खेळले.

फेब्रुवारी १९०६ चा सामना

मुंबईत युरोपियन व पारशी यांच्यातील वार्षिक सामने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले होते. हिंदूंना त्यांत स्थान नव्हते. हिंदू जिमखान्याने प्रथम पारशांना आव्हान दिले, ते नाकारले गेले. बॉम्बे जिमखान्याच्या युरोपियनांनी मात्र आव्हान स्वीकारले. त्यानुसार फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन हा पहिला मोठा सामना मुंबईत झाला. हिंदू संघात बाळू व शिवराम हे दोघे भाऊ होते.

वेळही साधी नव्हती. जपानने रशियाचा पराभव केल्यास वर्ष उलटले नव्हते. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटली होती. त्यामुळे मैदानाभोवती जमलेल्या हजारोंच्या दृष्टीने हा केवळ खेळ राहिला नव्हता. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांचा डाव १९१ वर संपला. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत बाद झाले आणि युरोपियनांपुढे विजयासाठी २१२ धावांचे लक्ष्य आले. बाळू व मद्रासचे एराशा यांच्यासमोर त्यांचा डाव १०२ धावांत आटोपला. हिंदू १०९ धावांनी जिंकले.

पुढचे काही दिवस वृत्तपत्रांत या निकालाचीच चर्चा होती. राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांना त्यात राज्यकर्त्यांवरील मात दिसली. के. नटराजन यांच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारणावादी पत्राने मात्र वेगळी बाजू पुढे आणली. पुण्यात ज्या माणसाला चहा बाहेर दिला जात होता, तोच मुंबईच्या जिमखान्यात सहकाऱ्यांसोबत बसून खाऊ-पिऊ लागला आहे. जुन्या रूढी मोडण्याचा हा टप्पा धावसंख्येहून महत्त्वाचा आहे, असे त्या पत्राचे प्रतिपादन होते. बाळूंच्या चरित्रात हा अभिप्राय मोलाचा ठरतो, कारण विजयाच्या गदारोळात संघातील विटाळाचा प्रश्न उघडपणे लिहिणारे थोडेच होते. तथापि रिफॉर्मरचा आशावाद काहीसा घाईचा होता. एका मेजावर बसण्यास मिळालेली परवानगी आणि संघाचे नेतृत्व यांतील अंतर पुढची सतरा वर्षे कायम राहिले.

१९०७ पासून पारशांच्या सहभागाने ही स्पर्धा तिरंगी झाली व १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली.

इंग्लंडचा दौरा

१९११ मध्ये पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडूंचा अखिल भारतीय संघ पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. बाळू व शिवराम दोघेही या संघात होते. पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे वर्ष असल्याने महाराजांचा बराच वेळ समारंभांत गेला व ते मोजकेच सामने खेळले. संघ एकामागून एक सामने हरत गेला. जुलैमध्ये चित्र पालटले. लेस्टरशायरविरुद्ध बाळूंनी सामन्यात ११ बळी घेऊन संघाला दौऱ्यातील पहिला महत्त्वाचा विजय मिळवून दिला. पाठोपाठ सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद ११३ धावा काढल्या व संघ अवघा एक गडी राखून जिंकला. दोन्ही विजयांचे मुख्य मानकरी सख्खे भाऊ होते.

हाताच्या दुखण्याने त्रस्त असतानाही बाळूंनी दौऱ्यातील सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते. उमेदीची अनेक वर्षे दुसऱ्यांना सराव देण्यात गेली होती. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीच्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. आंबेडकरांना त्या काळी बाळूंविषयी मोठा अभिमान होता.

कर्णधारपदाचा वाद

ज्येष्ठता व कर्तृत्व या दोन्ही कसोट्यांवर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यायला हवे होते. ते कधीच आले नाही. एम. डी. पै यांनी कर्णधार म्हणून झालेल्या सत्काराला उत्तर देताना हा मान खरे तर बाळूंचा होता, असे मोकळेपणाने मान्य केले. निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत प्रश्न चिघळला. पै आजारी होते. समितीने बाळूंना वगळले आणि विठ्ठल व शिवराम यांच्याहून कनिष्ठ असलेल्या पुण्याच्या दि. ब. देवधरांची कर्णधार म्हणून निवड केली. देवधर उत्तम फलंदाज होते व महाविद्यालयात शिकवीत. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नव्हता. डावलण्याचे कारण जात आहे, हा आक्षेप होता. विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली व वृत्तपत्रांत निवेदन देऊन अपमान सहन करणार नसल्याचे कळविले. लोकमत त्यांच्या बाजूने झुकले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले, दोघे भाऊ संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले व तेवढा वेळ संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. चाळिशी ओलांडलेल्या या खेळाडूचा हा अखेरचा हंगाम होता.

१९२३ मध्ये विठ्ठल यांना कर्णधार करण्यात आले आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. विजयानंतर सवर्ण सहकाऱ्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. विठ्ठल यांनी माझे क्रीडाजीवन या आत्मचरित्रात या कालखंडाविषयी लिहिले आहे.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. त्यांच्या पहिल्या दशकातील बहुतेक सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा नसल्याने ही आकडेवारी त्यांच्या कारकिर्दीचा एक भागच दाखविते. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला. तोवर त्यांना निवृत्त होऊन दशक लोटले होते.

राजकारण

निवृत्तीनंतर बाळू अस्पृश्यांच्या प्रश्नावर काम करू लागले. त्यांचा ओढा महात्मा गांधींच्या मार्गाकडे होता. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाड्याद्वारे अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध २० सप्टेंबरला गांधींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभिले. एम. सी. राजा यांच्याप्रमाणे बाळूही संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते व तडजोडीच्या वाटाघाटींत त्यांचा सहभाग होता. २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारावर त्यांनी स्वाक्षरी केली. १९३३ मध्ये ते हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढले व पराभूत झाले.

१९३५ मध्ये येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. बाळूंना हा मार्ग घातक वाटला व त्यांनी तसे जाहीरही केले. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतील राखीव जागेवर आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. त्यांची लोकप्रियता वापरून आंबेडकरांना रोखण्याचा काँग्रेसचा हेतू उघड होता. बाळू स्वतः या लढतीस कितपत उत्सुक होते, याविषयी अभ्यासकांत शंका व्यक्त होते. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्या खेळाडूच्या सत्कारात आंबेडकर एके काळी पुढे होते, त्याच्याशीच त्यांना निवडणूक लढवावी लागली. त्या लढतीचे पडसाद पुढे बाळूंच्या स्मृतीवरही उमटले. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात त्यांना विरोधक म्हणून स्थान मिळाले, तर क्रिकेटच्या इतिहासकारांनी त्यांचे राजकारण दीर्घकाळ दुर्लक्षिले.

मृत्यू व स्मृती

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझ येथे झालेल्या अंत्यसंस्काराला क्रिकेटपटू व राजकीय कार्यकर्ते उपस्थित होते. त्यानंतर सुमारे चार दशके त्यांचे नाव जवळजवळ विस्मृतीत गेले. लगान (२००१) या हिंदी चित्रपटातील कचरा या अस्पृश्य फिरकी गोलंदाजाच्या पात्रामागे बाळूंची प्रेरणा असल्याचे मानले जाते. कचरा उजव्या हाताने चेंडू टाकतो, बाळू डाव्या हाताने टाकीत. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ मध्ये प्रकाशित झालेल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात पालवणकर बंधूंना मध्यवर्ती स्थान मिळाले. या ग्रंथाच्या लेखनात गुहा यांना विठ्ठल यांच्या मराठी आत्मचरित्राचा मोठा उपयोग झाला.