माथाडींना कायद्याचा आधार देणारे अण्णासाहेब

तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पोत्यांच्या थप्प्या लावणाऱ्या नोंदीत माथाडी कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि रजेचा पगार मिळतो, तो अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यामुळे.

२५ सप्टेंबर १९३३ रोजी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मंद्रुळकोळे येथे त्यांचा जन्म झाला. पोटासाठी मुंबईत आल्यावर त्यांनी स्वतः ओझी वाहिली. त्या काळी मशीद बंदर, दाणाबंदर आणि लोखंड बाजारातील हमाल टोळीने काम करीत. मजुरी नगावर मिळे. एका दिवसात चार व्यापाऱ्यांचा माल उचलणाऱ्या हमालाचा मालक नेमका कोण, याची नोंद कोठेही नसे. त्यामुळे प्रचलित कामगार कायद्यांचा त्याला उपयोग नव्हता. पाठ दुखावली की मजुरी थांबे आणि गावाकडची मनीऑर्डरही.

विखुरलेल्या टोळ्यांना अण्णासाहेबांनी युनियनच्या छत्राखाली आणले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. शासन, व्यापारी आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने कामगाराच्या खात्यात जमा करायची. मालक बदलला तरी हमालाच्या कुटुंबाची शिल्लक बुडत नाही, ही या व्यवस्थेची खरी ताकद. केरळने १९७८ मध्ये हमालांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही मंडळाची पद्धत आली.

मराठा समाजातील गरिबांना आर्थिक निकषावर आरक्षण मिळावे, यासाठी २२ मार्च १९८२ रोजी अण्णासाहेबांनी मुंबईत विराट मोर्चा काढला. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जीवनयात्रा संपविली. पुढे त्यांची ओळख प्रामुख्याने या मोर्चाशी जोडली गेली आणि माथाडी कायद्याचा उल्लेख एका ओळीपुरता उरला, हे काहीसे अन्यायाचे आहे.

मुंबईतील धान्य आणि मसाला बाजार नवी मुंबईत आले ते त्यांच्या पश्चात. कोपरखैरणेत माथाडींची घरे झाली, गाळ्यात दाटीने राहणाऱ्यांची बायकामुले शहरात आली. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, अशी उद्योजकांची तक्रार आहे, आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. मात्र २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा मूळ संरक्षणच जाईल या भीतीने माथाडींनी बाजार बंद ठेवले.