अपुऱ्या उत्तराचा वारसा

आपल्या परीक्षापद्धतीत अपुऱ्या उत्तराला फारसे मोल नाही. गणिताच्या इतिहासाचा निवाडा मात्र निराळा आहे. बेर्नहार्ट रीमान या जर्मन गणितज्ञाचे चरित्र त्याची साक्ष देते.

१७ सप्टेंबर १८२६ रोजी हॅनोव्हर राज्यातील ब्रेझेलेंट्स या खेड्यात एका गरीब धर्मोपदेशकाच्या घरी त्याचा जन्म झाला. प्रकृती नाजूक, स्वभाव कमालीचा भिडस्त. मुलाने आपलाच मार्ग पत्करावा अशी वडिलांची इच्छा. म्हणून १८४६ मध्ये तो धर्मशास्त्र शिकण्यासाठी गटिंगेनला गेला. मन मात्र गणितात रमले. त्याने पित्याची अनुमती मागितली आणि घरात चणचण असूनही पित्याने ती दिली.

१० जून १८५४ रोजी वृद्ध गौसच्या उपस्थितीत त्याने भूमितीच्या मूलाधारांवर व्याख्यान दिले. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षता सिद्धांताची उभारणी केली ती याच भूमितीवर. हे पुष्कळांना ठाऊक असते. १८५७ मधील त्याच्या एका प्रबंधाची कथा तितकी परिचित नाही.

प्रश्न असा होता: छिद्रे असलेल्या एखाद्या बंदिस्त पृष्ठावर, नेमून दिलेल्या बिंदूंपाशीच अनंत होण्याची मुभा असलेली स्वतंत्र फलने किती? ही संख्या छिद्रांच्या संख्येवरून ठरणाऱ्या एका मर्यादेच्या खाली जाऊ शकत नाही, एवढेच रीमानने दाखविले. नेमकी संख्या त्याला सांगता आली नाही. ती उणीव १८६५ मध्ये त्याचा तरुण विद्यार्थी गुस्टाफ रॉख याने भरून काढली. दैव असे की, पुढच्याच वर्षी दोघेही गेले. क्षयाने खंगलेला रीमान २० जुलै १८६६ रोजी इटलीतील माज्जोरे सरोवराकाठी वारला, तेव्हा तो अवघा ३९ वर्षांचा होता. नोव्हेंबरात गेलेल्या रॉखने तर सत्ताविशीही गाठली नव्हती.

एवढ्यावर संकट संपले नाही. रीमानची सिद्धता ज्या तत्त्वावर उभी होती, त्यातच दोष असल्याचे व्हायरश्ट्रासने १८७० मध्ये दाखविले. ते तत्त्व सावरण्यास विसाव्या शतकाच्या आरंभी हिल्बर्टला यावे लागले.

मूळ प्रश्न मात्र जिवंतच राहिला. १९५७ मध्ये ग्रोथेंडिकने त्याचे रूप पालटले. विचार एकाच अवकाशाचा न करता एका अवकाशाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या संबंधाचा करावा, अशी त्याची दृष्टी होती. त्यासाठी त्याने जे साधन घडविले, त्यातूनच के-सिद्धांत जन्मला. १९८१ मध्ये फुल्टन आणि मॅक्फर्सन यांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक संबंधालाच त्याचा स्वतःचा बैजिक गट बहाल करून, एरवी परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन विचारपद्धती त्यांनी एका चौकटीत आणल्या. हाच बायव्हेरिअंट सिद्धांत. आणि त्या चौकटीतही रीमान व रॉख यांचे प्रमेय मानाने विराजमान आहे.

एका रुग्णाईत प्राध्यापकाने अर्धवट सोडलेले उत्तर सव्वाशे वर्षे पिढ्यांना पुरले. अर्ध्यावर थांबलेल्या विद्यार्थ्याच्या उत्तरावर लाल रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थबकावे, एवढे तरी या चरित्राने आपल्याला शिकवावे.