चोवीस तासांचा हक्क : बॅरिस्टर आंबेडकर आणि कलम २२

झरी जामणीसारख्या तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यात एखाद्या तरुणाला पोलिसांनी नेले, की घरचे लोक आधी गावच्या पुढाऱ्याकडे धावतात. वकील आठवतो तो दुसऱ्या दिवशी. त्या पोराच्या बाजूने संविधानात एक कलम उभे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते कलम २२. ते संविधानात आणले बाबासाहेबांनी. आपण त्यांना संविधानाचे शिल्पकार म्हणतो, पण त्यांच्यातला फौजदारी वकील मात्र विसरतो. कलम २२ समजून घ्यायचे तर आधी तो वकील समजून घ्यावा लागेल.

लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू करायची, तर सनदेच्या फीलाही पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. मोठे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटले देत नसत. म्हणून त्यांनी वर्गात शिकवून घर चालवले आणि परळच्या कचेरीत गिरणी कामगार, सफाई कामगार, खेड्यातून आलेले गरीब लोक यांची गाऱ्हाणी ऐकली. ज्याच्याकडे द्यायला काही नसे, त्याचेही काम ते करत.

१९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या कोर्टाने तुरुंगाची शिक्षा दिली. पुण्याच्या सत्र न्यायालयात बाबासाहेबांनी अपील लढवले आणि त्यांना सोडवून आणले. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांच्या बाजूनेही बाबासाहेबच उभे राहिले. तो खटला ते हरले. लोकांना न रुचणाऱ्या आरोपीलाही वकील मिळालाच पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखवले.

मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. हात उचलायला तयार असलेल्या माणसांना त्यांनी आवरले आणि लढाई कोर्टात नेली. तळ्याचा दिवाणी दावा दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. संयम आणि कायदा, दोन्ही त्यांनी एकाच वेळी शिकवले.

इंग्रजांच्या राज्यात माणसाला खटल्याशिवाय डांबून ठेवणे नवे नव्हते. १८१८ आणि १८२७ च्या रेग्युलेशनांनी सरकारला ती मुभा दिली होती. १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना असेच आरोप सिद्ध न करता अटकेत ठेवले गेले. स्वतंत्र भारतात हे चालू ठेवायचे का, हा प्रश्न संविधान सभेपुढे आला.

इथे बाबासाहेबांची कसोटी लागली. ते अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून अमेरिकन पद्धतीची न्याय्य प्रक्रियेची हमी काढली होती आणि कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती एवढेच शब्द ठेवले होते. याचा अर्थ, संसदेने कायदा केला की अटक वैध. सभेत अनेकांनी याला विरोध केला. १३ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी न्यायाधीशांवर किती विश्वास टाकावा आणि विधिमंडळावर किती, या दोन्ही बाजू मांडल्या आणि निर्णय सभेवर सोडला. मसुदा तसाच राहिला.

पण ती उणीव त्यांच्या मनातून गेली नाही. १५ आणि १६ सप्टेंबर १९४९ रोजी सभेत नवे कलम १५-अ चर्चेला आले. ते त्यांनीच मांडले होते. आधीच्या कलमात जे गेले त्याची काही भरपाई व्हावी, असा त्यांचा हेतू होता. तेच आजचे कलम २२. अटकेची कारणे सांगावी लागतील. आपल्या पसंतीचा वकील घेता येईल. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागेल. या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होत्या. पण साधा कायदा साध्या बहुमताने बदलता येतो, म्हणून बाबासाहेबांनी त्या मूलभूत हक्कांत नेऊन ठेवल्या.

प्रतिबंधक स्थानबद्धता मात्र त्यांनी रद्द केली नाही. तीन महिन्यांपलीकडे ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत हवे, कारणे कळवावीत, म्हणणे मांडू द्यावे, एवढ्या अटी घातल्या. हे अपुरे आहे, असे तेव्हाही बक्षी टेकचंद यांच्यासारख्या सदस्यांनी बजावले होते. फेब्रुवारी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला, तेव्हा बाबासाहेब त्याच सरकारात कायदामंत्री होते. आपण भक्त नसून अनुयायी आहोत, म्हणून हेही लिहिले पाहिजे.

मे १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. पण कोर्टालाही अटकेची कारणे सांगू नयेत, असे म्हणणारे त्याचे कलम १४ रद्द झाले. भिंत ठेंगणी होती, तरी ती उभी होती. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी हवी असे ठरले. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा साक्षांकित पंचनामा, नातेवाइकांना खबर आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. मारहाण होते ती बंद दाराआड. त्या दाराला ही फट पडली.

लढाई संपलेली नाही. आपल्या शेजारच्या वणी तालुक्यातील राजूरचे, बाबासाहेबांचे नातजावई प्रा. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला यूएपीएखाली तपास यंत्रणेच्या स्वाधीन झाले. हा कायदा स्थानबद्धतेचा नाही, पण त्यात जामीन इतका अवघड की खटला उभा न राहताच त्यांचे ३१ महिने तुरुंगात गेले. उच्च न्यायालयाच्या जामिनावर ते बाहेर आले तो दिवस २६ नोव्हेंबरचा, संविधान दिनाचा. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या अवमानानंतर पकडलेला आपला एक तरुण, कायद्याचा विद्यार्थी, न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच्या आईच्या बाजूने औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले ते ॲड. प्रकाश आंबेडकर. २०२५ मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी दिलेला चोवीस तासांचा हक्क आपल्याकडे आहे, पण तो आपोआप चालत नाही. अटकेची वेळ लिहून ठेवणारा, वकिलाला फोन करणारा, दंडाधिकाऱ्यापुढे मारहाण झाली का ते निर्भयपणे सांगणारा माणूस लागतो. ज्याला वकील परवडत नाही त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, हे पोडावरच्या कोलाम बांधवालाही माहीत हवे. प्रत्येक विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे कलम २२ वाचा, समजावून सांगा. त्या बॅरिस्टरला याहून खरे अभिवादन नाही.

जय भीम! जय संविधान!