शिवण तपासा!

गेल्या जुलैमध्ये आम्ही राजगडाला गेलो तेव्हा माझं जॅकेट नवं कोरं होतं. पाली दरवाजाला पोचेपर्यंत दोन्ही खांदे चिंब! कापड कुठेही फाटलं नव्हतं. पाणी आलं शिवणीतून, जिथे सॅकचे पट्टे घासतात नेमकं तिथून.

दुसऱ्या दिवशी रूममेटबरोबर मार्केट यार्डात गेलो. त्याचे वडील तिथे हमाल आहेत. भर पावसात काका ट्रक रिकामा करत होते, डोक्यावर पोत्याची खोळ. तागाच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा कागद घातलेला. पाठ कोरडी! मी जॅकेटचं रडगाणं गायलो तर काका हसले. त्यांच्या खोळीला खांद्यावर शिवणच नाही म्हणे.

मित्रांनो, त्या खोळीत मला चार्ल्स मॅकिन्टॉश दिसला. कॉन्व्हेंटमध्ये मॅकिन्टॉश म्हणजे रेनकोट एवढंच पाठ केलं होतं. तो एक माणूस होता हे नंतर वाचलं.

२९ डिसेंबर १७६६ ला ग्लासगोमध्ये त्याचा जन्म झाला. वडिलांचा रंग बनवायचा कारखाना. पोरगा कारकुनीला लागला, पण जीव केमिस्ट्रीत! विशीच्या आतच नोकरी सोडून तो रसायनं बनवायला लागला. (आपण विशीत सबमिशन कॉपी करतो, असो.) पुढे गॅस कारखान्यातलं टाकाऊ डांबर त्याने विकत घेतलं. त्याला हवा होता अमोनिया, पण त्यातून नॅफ्थाही निघायचा. त्याचं करायचं काय? नॅफ्थात रबर विरघळतं हे जेम्स साइम नावाच्या एडिंबरोच्या विद्यार्थ्याने १८१८ मध्येच दाखवलं होतं. मॅकिन्टॉशने ते रबर दोन कापडांच्या मध्ये भरलं. पेटंट १८२३ चं. साइमने पेटंट घेतलं नाही, म्हणून कोटाला नाव मॅकिन्टॉशचं लागलं.

मँचेस्टरला कारखाना निघाला आणि खरी परीक्षा सुरू झाली. शिंपी नेहमीसारखे कोट शिवायचे आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत! शिवाय उन्हाळ्यात रबर चिकट व्हायचं, थंडीत कडक, आणि वास तर विचारूच नका. लोकरीच्या तेलाने रबर खराब व्हायचं ते वेगळंच. कापड जिंकलं, कोट हरला. तरी गड्याने धंदा सोडला नाही. थॉमस हॅनकॉक हा रबरातला जाणकार त्याने सोबत घेतला.

गंधक घालून रबर तापवलं की ते ऊन-थंडी सोसतं. या व्हल्कनायझेशनच्या पेटंटसाठी हॅनकॉकने नोव्हेंबर १८४३ मध्ये अर्ज केला. मॅकिन्टॉश मात्र त्याच वर्षी २५ जुलैला गेला होता. चार महिन्यांनी चुकामूक झाली! मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून ट्रेकचं जॅकेट घेताना नुसता रंग आणि कंपनी बघू नका. ते उलटं करा. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, बघा. सॅक पाठीला लावून पट्टे कुठे येतात ते बघा. शक्यतो तिथे शिवण नको, कापडही जाड हवं. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

मी आता तसलंच घेतलंय. पण पहिल्या पावसात ते काकांना दाखवायचंय. ते पास म्हणाले तरच खरं!